अंजूरच्या घराचं मागचं दार

देश स्वतंत्र झाला आणि त्यानंतर चार-पाच पावसाळ्यांनी माझा आजा बांधला गेला. क्रम उलटा झाला खरा, पण आमच्याकडे बऱ्याच गोष्टी उलट्याच क्रमाने होतात.

बांधला गेला म्हणजे दोरीने नव्हे, लग्नाने. ठाणे जिल्ह्याच्या आमच्या डोंगरपट्टीत लग्नगडी नावाची रीत होती. आम्हा वारली लोकांत पोराचं लग्न ठरलं की जेवणाचा भात, दोन लुगडी, ताडी, लग्न लावणाऱ्या धवलेरी बाईचा मान, हे सगळं आणायचं कुठून? मग शेटाकडे जायचं. शेट लग्न लावून द्यायचा आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघं त्याच्याकडे राबायला जायची. किती वर्षं, ते विचारायची पद्धत नव्हती. माझी आजी जमनी लग्नाच्या पाचव्या दिवशी शेटाच्या गोठ्यात शेणाची पाटी उचलायला गेली, तेव्हा तिच्या अंगावरची हळद अजून उतरली नव्हती. माझा बाप त्याच गोठ्यात जन्मला. ही गोष्ट तो सांगतो तेव्हा लोकांना वाटतं की कुणा देवाची कथा चालली आहे, पण बाप पुढे फक्त वीटभट्टीवर गेला.

त्याच्याही आधी माझा पणजा शेटाच्या याच घरासाठी गवत कापायचा. आमच्या माळांवरचं गवत बैलगाडीने अंजूरच्या खाडीवर शेटाच्या वखारीत जायचं, तिथून होडीने मुंबईला, आणि तिथे ते गोऱ्या साहेबाचे घोडे खायचे. आमच्या घरात त्याच दिवसांत कडूकंद खात. तो सात पाण्यांतून उकडला नाही तर घसा धरतो. साहेबाच्या घोड्याचा घसा कधी धरला नाही, एवढं आमच्या घराण्याचं साम्राज्याला योगदान आहे.

मी सुमन, बुधाची नात. आमच्या पाड्यातली पहिली बी.ए. हे मी सगळीकडे आधी सांगते, कारण न सांगता कुणाच्या लक्षात येत नाही. तिसऱ्या वर्षाला मला राज्यशास्त्र होतं. कॉलेजच्या लायब्ररीत मला वेठबिगार बंद करणारा कायदा सापडला. आणीबाणीच्या काळात आलेला, म्हणजे माझ्या जन्माआधीचा. मी त्याची झेरॉक्स काढली, पाड्यावर गेले, आजाला ओट्यावर बसवलं आणि सबंध कायदा कलमांसकट वाचून दाखवला. आजाने शांतपणे ऐकलं. तंबाखू थुंकली.

"सरकारनं मना सोडला, ता बरा केला," तो म्हणाला. "पन मना धरला व्हता सरकारनं?"

मी झेरॉक्सची पानं परत चाळली. राज्यशास्त्रात मला साठ टक्क्यांच्या वर मार्क होते.

झालं असं होतं की कायदा आला त्याच सुमाराला शेटाचा गवताचा धंदा बसला, ट्रॅक्टर आला, आणि आजाला रोजचं बोलावणं येणं बंद झालं. "जा, तू मोकळा" असं मात्र त्या घरातल्या कुणीही कधी म्हटलं नाही. आणि त्या घरात लग्न निघालं की निरोप यायचाच: मांडवाला उंबराचं डहाळ घेऊन ये, चुलीला लाकडं फोडायला कुऱ्हाड घेऊन ये. आजा जायचा. मागच्या दाराने आत, मागच्या अंगणात काम, सगळ्यांच्या पंगती उठल्यावर तिथेच जमिनीवर पान, आणि परत. आजी होती तोवर ती पण जायची, भांडी घासायला. ती जाऊन आता आठ वर्षं झाली.

ही दोन हजार सहाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्या वर्षी निरोप्या आला नाही. आली ती पत्रिका. सोनेरी अक्षरांची, गणपती उठावाचा, उघडली की अत्तराचा वास. शेटाचा मुलगा भाऊशेट पंचायत समितीला उभा राहणार होता, म्हणून त्याने मुलाच्या लग्नाच्या पत्रिका एकूण एक पाड्यावर वाटल्या होत्या. आजाने पत्रिका हातात घेतली, वास घेतला आणि कुऱ्हाडीला धार लावायला बसला.

मी त्याला समजावलं की हे काम नाही, आमंत्रण आहे. 'सहकुटुंब सहपरिवार अगत्याने यावे' असं छापलंय, म्हणजे तू पाहुणा. तो म्हणाला, पाहुणा तर पाहुणा, पण पाहुण्याच्या हातात उंबर नसेल तर मांडव उभा राहायचा कसा. शेवटी आमचा सौदा ठरला. मी त्याच्याबरोबर जाणार. कुऱ्हाड न्यायची. पण त्या घरच्या कुणी तोंडाने 'तू मोकळा' म्हटलं, तर ही शेवटची खेप. आणि ते म्हणवून घ्यायचं काम माझं, कारण बी.ए. मी झाले होते.

लोक सिंगापूरला जाऊन येतात आणि प्रवासवर्णन लिहितात. मी अंजूरला जाऊन आले. तिथे फिरायला कुणी जात नाही, म्हणूनच लिहिते.

शनिवार, वज्रेश्वरी

उजाडता निघालो. आजाच्या डाव्या खांद्यावर माझ्याहून उंच उंबराचं डहाळ, उजव्या खांद्यावर कुऱ्हाड. माझ्या पर्समध्ये पत्रिका, कायद्याची झेरॉक्स आणि आहेर म्हणून घेतलेलं भिंतीवरचं घड्याळ. घड्याळात सेल घालून दिलेला होता, त्यामुळे मी वाटभर टिकटिकत होते.

वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. लांबून लांबून लोक तिथे बसायला येतात आणि बाहेर आल्यावर एकमेकांना हलकं वाटतं म्हणून सांगतात. आजाचा अनुभव वेगळा. शेटाच्या आईला तो आणि दुसरा एक गडी डोलीतून नदीपार आणायचे, ती कुंडात बसून परत डोलीत बसायची. "जाताना जेवढी व्हती तेवढीच येताना व्हती," आजा म्हणाला. "काय हलकी झाली न्हाय."

देवळाच्या पायऱ्यांखाली तो थांबला. इथेच लग्नाच्या आदल्या दिवशी शेटाने त्याच्याकडून शपथ घेतली होती: या घरच्या प्रत्येक लग्नाला मांडवाचा उंबर आणि चुलीचं लाकूड मी देईन. आमचे देव हिरवा आणि वाघोबा. त्यांच्या नावाने घेतलेली शपथ शेटाला पक्की वाटेना, म्हणून देवीसमोर नेलं.

मी म्हटलं, "मग देवीलाच विचारू या ना सोडतेस का म्हणून."

आजा म्हणाला, तिची-माझी ओळख न्हाय. त्या दिवशी पहिल्यांदा भेटलो, शपथ घेतली आणि कामाला गेलो. शपथ तिला लागली क न्हाय ते तिलाच ठाऊक. पण त्याने पायरीला हात लावला आणि हॉटेलात बसल्यावर भज्यांतलं एक भजं देवळाच्या दिशेला काढून ठेवलं. ओळख नसली तरी रीत मोडू नये. ते भजं कुत्र्याने खाल्लं.

भिवंडीची एसटी आली. कंडक्टरने आधी आजाकडे बघितलं, मग कुऱ्हाडीकडे, मग डहाळाकडे, आणि विचार करून कुऱ्हाडीला काहीच न म्हणता डहाळावर बोट ठेवलं. याचं तिकीट लागेल. मी वाद घातला. झाड काय माणूस आहे का? तो म्हणाला, ताई, माणूस एका सीटवर बसतो, हे चार सीटवर बसलंय. अर्धं तिकीट फाडलं. डहाळ मग आमच्या मागच्या सीटवर आडवं ठेवलं, आणि मी माझ्या पदवीदान समारंभाचं वर्णन आजाला पाचव्यांदा सांगायला लागले.

हीच चूक झाली. डहाळाच्याही मागच्या सीटवर एक बाई करडू घेऊन बसली होती. उंबराचा पाला शेळीला किती आवडतो हे डोंगरात वाढलेल्या आम्हा दोघांना जन्मापासून माहीत होतं. मी टोपी आणि काळ्या झग्यापर्यंत पोचले तेव्हा मागून कुरूकुरू आवाज येत होता. बाईला डुलकी लागली होती, करडाला लागली नव्हती. भिवंडी आली तेव्हा डहाळाला टोकाची तीन पानं उरली होती.

बाई घाबरून माफी मागायला लागली. आजा तिला काही बोलला नाही. डहाळ खाली उतरवून त्याने तिन्ही पानं बोटांनी चाचपली. आयुष्यात पहिल्यांदाच तो त्या घरी उघडी काठी घेऊन जाणार होता, आणि त्याचा चेहरा परीक्षेला पेन विसरलेल्या मुलासारखा झाला होता. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

शनिवार, धामणकर नाका

धामणकर नाक्यावर चारी बाजूंनी गाड्या येतात आणि कुणीच कुठे जात नाही. त्या गर्दीच्या मधोमध मान वर करून उंबर शोधणारा, खांद्यावर कुऱ्हाड असलेला म्हातारा उभा होता. हवालदाराने शिट्टी मारली नसती तरच नवल.

"कुठे निघालात?"

"लग्नाला," आजा म्हणाला.

"कुऱ्हाड घेऊन?"

"दर लग्नाला नेतो."

हवालदाराचा हात आजाच्या दंडाकडे गेला. मी घाईने पत्रिका उघडून समोर धरली. अत्तर दरवळलं. त्याने निमंत्रकाचं नाव वाचलं आणि त्याचा सूर खाली आला. भाऊशेटकडे का, तिथे संध्याकाळी त्याचाच बंदोबस्त होता. पण अशी कुऱ्हाड घेऊन भिवंडीतून फिरता येणार नाही. पातं काढा, त्याने सांगितलं. आजाने फुटपाथच्या कडेवर दांडा आपटून पातं सुटं केलं. दांडा त्याच्याकडे राहिला, पातं फडक्यात गुंडाळून माझ्या पर्समध्ये गेलं, घड्याळ आणि कायद्याच्या मध्ये.

उंबर आजालाच दिसला. नाक्यामागच्या गल्लीत एका लूमच्या कारखान्याच्या भिंतीतून, दुसऱ्या मजल्यावरच्या फटीतून उगवलेला. आतून लूमचा असा खडखडाट येत होता की शेजारच्या माणसाशी खुणेनेच बोलावं लागे. दारात एक बारीक माणूस चहा पीत उभा होता, केसांवर, पापण्यांवर कापसाची भुरी. आजाने त्याला आधी भिंतीतलं झाड दाखवलं, मग हातातली काठी, मग दोन्ही हात जोडले. त्याने चहा संपवला, खिडकीच्या गजावर पाय दिला आणि वर चढला. मालकाच्या भिंतीतलं झाड मालकाला न विचारता तोडायची त्याला जरा हौसच वाटली.

त्याचं नाव इलियास, गाव आझमगढकडचं. बारा तासांची ड्युटी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. झोपायच्या खोलीत एका वळकटीवर दोघं, एक उठला की दुसरा आडवा, त्यामुळे वळकटी कधी थंड होत नाही, असं तो हसत सांगत होता. त्याने कारखान्यातून सुताचा गुंडा आणला. आजा आणि तो पायरीवर बसून भिंतीतल्या उंबराच्या फांद्या आमच्या डोंगरातल्या काठीला सुताने बांधायला लागले. दोघांचे हात कामाचे. मी मध्ये बसून दोघांचं बोलणं इकडून तिकडे करत होते. आजाचं हिंदी एसटीच्या पाट्यांपुरतं, आणि पाट्या त्याला वाचता येत नाहीत.

मी इलियासला गवत, गोरा साहेब, लग्नगडी, सगळं सांगितलं. त्याने मान हलवली. त्याच्या आजाच्या बापालाही इंग्रजांच्या काळात कागदावर अंगठा घेऊन जहाजात बसवलं होतं, मिरिच देस नावाच्या बेटावर, ऊस तोडायला. पाच वर्षांनी परत आणू म्हणाले होते. घरी अजून कुणी परत आलेलं नाही, पण आजी मरेपर्यंत दारात पाण्याचा लोटा ठेवायची.

मी हे आजाला सांगितलं. त्याने हातातली गाठ पक्की केली. मग त्याने त्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट विचारली. "आन् ह्याचं लग्न कोनी लावला?"

मी इलियासला विचारलं. तो ओशाळला.

"शादी तो सेठ की पेशगी से हुई, दीदी," तो म्हणाला. "जब तक उतरती नहीं, दूसरे कारखाने में नहीं जा सकता."

पेशगी म्हणजे उचल, हे मात्र आजाला मराठीत सांगावं लागलं नाही. त्याने सूत खाली ठेवलं, इलियासच्या पाठीवर थाप मारली आणि त्या दिवसात पहिल्यांदा मनापासून हसला. "ह्यो तर आपल्यातला," तो मला म्हणाला. "लग्नगडी हाय." इलियासही हसला, काय ते कळल्यावर जरा कमी हसला. माझ्या पर्समधला कायदा तेवढ्यात मी काढला होता. इलियासने तो बघितला आणि विचारलं, हे माझ्या सेठला कोण वाचून दाखवणार? आत भोंगा वाजला. तो गेला.

शनिवार, अंजूर

अंजूरची रिक्षा डहाळासकट चौघांची झाली. कधी काळी इथे खाडीपर्यंत भातशेती होती असं आजा सांगत होता, पण दाखवायला त्याच्याकडे काही नव्हतं. दोन्ही बाजूंना गोडाऊनं. एका निळ्या गोडाऊनपाशी त्याने रिक्षा थांबवली. चिंचेवरून त्याने जागा ओळखली. चिंच नव्हती, पण चिंचेचा पार होता. इथे वखार होती. इथे तो आणि त्याचा बाप गवताच्या गठड्या डोक्यावरून उतरवायचे. आता तिथे कंटेनर लागला होता आणि दहा-बारा माणसं डोक्यावरून खोकी उतरवत होती. खोकी परदेशातून आली होती.

"आता गवत तिकडून येते क?" आजाने विचारलं.

शेटाचं घर मात्र त्याला सापडेना. जिथे मातीचं घर आणि पुढे-मागे अंगण होतं, तिथे तीन मजली बंगला उभा होता, संगमरवरी, खांबांवर सिंह. पुढे कापडाचा मांडव, त्याला थर्माकोलचा राजवाडा, आणि प्रवेशाला हिरव्या प्लास्टिकच्या पानांची कमान. आजाने प्लास्टिकचं पान दोन बोटांत धरलं आणि सोडून दिलं.

मग तो मागच्या दाराकडे निघाला. बंगल्याला डावीकडून वळसा घातला. मागे कंपाउंडची भिंत, भिंतीला लागून केटरिंगवाल्याच्या गॅसच्या शेगड्या. उजवीकडून वळसा घातला. उजवीकडे गाड्या. मी पुढच्या दारात उभी होते. तो दुसऱ्यांदा माझ्यासमोरून गेला, खांद्यावर उंबर, हातात कुऱ्हाडीचा नुसता दांडा, आणि तिसऱ्या फेरीला थांबला.

"मागचा दारच न्हाय," तो म्हणाला.

खरंच नव्हतं. ज्याने बंगला बांधला त्याने मागचं दार काढलंच नव्हतं. पन्नास वर्षं माझा आजा ज्या दाराने त्या घरात गेला ते दार नाहीसं झालं होतं, आणि पुढच्या दाराने जायचं त्याला माहीत नव्हतं. तो उन्हात उभा राहिला.

भाऊशेट पांढऱ्या कपड्यांत येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत होता. आजालाही जोडले. या बाबा, बसा, जेवून जा. आजाने विचारलं, लाकडं कुठे आहेत. भाऊशेट म्हणाला, कसली लाकडं, सगळं केटरिंगला दिलंय. मग मी काय करू, आजाने विचारलं. काही नको करू, भाऊशेट म्हणाला, आणि पुढच्याला हात जोडायला वळला.

मी आडवी गेले. कोण, कुठली, बी.ए. सगळं सांगितलं आणि म्हटलं, याला एकदा तोंडाने सांगा की तू मोकळा. भाऊशेट हसला. आमच्याकडे असलं काही कधी नव्हतं, म्हणाला. बुधा म्हणजे आमच्या घरचा माणूस.

"घरचा, तर घरात कधी आला?" मी विचारलं.

त्याचा मोबाईल वाजला. तो एकदा वाजून थांबलाही, तरी भाऊशेट कानाला लावून लांब गेला.

मांडवातल्या खुर्च्यांना पांढरे झगे घातले होते, पाठीवर लाल गाठ. आजाने त्या कपडे घातलेल्या खुर्च्यांकडे बघितलं आणि खुर्चीच्या शेजारी जमिनीवर उकिडवा बसला. मी खुर्चीवर बसले. दोघांनाही कसंतरी वाटत होतं. एवढा प्रवास करून मी त्याला फक्त एका वेगळ्या जमिनीवर आणून बसवलं होतं.

तेवढ्यात आतून गडबड ऐकू आली. भाऊशेटची आई, सगळे तिला मोठीबाय म्हणतात, हळद लावू देत नव्हती. गुडघे गेल्यामुळे ती आत एसीच्या खोलीत असायची, पण त्या दिवशी दोघींच्या आधाराने ओटीवर येऊन बसली होती. तिने कमानीचं पान हातात मागून घेतलं होतं आणि ते वाकतं, पण मोडत नाही हे तिच्या लक्षात आलं होतं. डोंगरातला उंबर आल्याशिवाय या घरात कधी हळद लागली नाही, आणि ती जिवंत असेपर्यंत लागणार नाही. भाऊशेट समजावत होता, डेकोरेशनवाला समजावत होता. नवरदेव पाटावर बसून घामाने भिजला होता.

"बुध्या आला क न्हाय?" तिने विचारलं.

मी उभी राहिले आणि ओरडलेच, आलाय म्हणून.

माणसं बाजूला झाली. आजाला पुढच्या दारानेच जावं लागलं, कारण दुसरं नव्हतं. उंबऱ्याशी तो अडखळला, मी त्याला मागून ढकललं. मोठीबायने उंबर हाताने चाचपला. तिला नीट दिसत नाही. तिच्या बोटांना सूत लागलं.

"ह्यो धागा कसला?"

आजाने खरं ते सांगितलं. एसटी, करडू, भिवंडीची भिंत. हळदीला बसलेल्या बायका हसायला लागल्या, मोठीबायही हसली, आणि म्हणाली, चालेल, अर्धा तरी डोंगरचा आहे. बांध. आजाने डहाळ मांडवाच्या खांबाला बांधलं. मग सवयीने माझ्याकडे हात केला. पातं दे.

मी पर्स घट्ट धरली. "नाही देणार," मी म्हटलं, आणि मोठीबायपुढे बसले. कायदा काढला नाही. तिला वाचता येत नव्हतं आणि मलाही आता त्याचा भरवसा राहिला नव्हता. नुसतं विचारलं, "आजी, याला तुमच्या घरानं धरलं. सोडलं कुणी?"

भाऊशेट म्हणाला, आई, तू आत चल. मोठीबायने त्याला हाताने गप्प केलं.

"सोडलेला केवाचा हाय," ती म्हणाली. "कायदा आला तवाच आमच्या ह्यांनी सांगितला, आता त्याला सांगून टाक. मीच न्हाय सांगितला. सांगितला तर उंबर कोन आनील?"

तीस वर्षं. एका डहाळासाठी. मला जे बोलायचं होतं ते लग्नाच्या घरात बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून मी इथेही लिहीत नाही. एवढंच म्हटलं, मग आता सांगा. सगळ्यांसमोर.

तिने पदर सावरला. "बुधा," ती म्हणाली. बुध्या नव्हे, बुधा. "तुज्या लग्नाचा भात फिटला. तू मोकला."

मी आजाकडे बघितलं. तो तसाच उभा होता, दांडा हातात.

"आन् जमनी?" त्याने विचारलं.

"ती तर गेली ना रं."

"गेली," आजा म्हणाला. "पन मोकली न्हाय गेली."

मोठीबायने समोरच्या वाटीतली हळद बोटावर घेतली, आणि आजीचं कपाळ तिथे नव्हतं म्हणून ती माझ्या कपाळाला लावली.

"जमनी मोकली," ती म्हणाली.

आजाने कुऱ्हाडीचा दांडा खाली ठेवला. नवरदेवाने मोठ्याने विचारलं, आता हळद लावणार का. लावली.

जेवण त्या रात्री बुफे होतं. आमदारकीची स्वप्नं बघणारे, गोडाऊनवाले, बंदोबस्ताचा हवालदार, सगळे हातात ताट घेऊन रांगेत उभे होते, पुढे सरकत होते, वाढप्याच्या तोंडाकडे बघत होते. आजाने ते बराच वेळ बघितलं. कोण एवढी मोठी माणसं, आणि त्यांना बसायलाही देत नाहीत. मग त्याने एक झगा घातलेली खुर्ची ओढली, तिच्यावर टेकून बसला आणि मला म्हणाला, जा, घेऊन ये. मी रांगेत उभी राहून त्याचं ताट आणलं. त्या सबंध मांडवात बसून जेवलेला तो एकटाच पाहुणा.

घड्याळ आम्ही दिलं. भाऊशेटने फोटो काढून घेतला.

रविवार, परत

परतीला धामणकर नाक्यावर उतरलो, मुद्दाम. इलियास दारात नव्हता, आत ड्युटीवर होता. आजा खडखडाटात दोन लूमच्या मधून सरळ त्याच्यापर्यंत गेला. त्याला सांगायचं होतं, पण आवाजात काही ऐकू जात नव्हतं, म्हणून त्याने दोन्ही मनगटं आधी जुळवून दाखवली आणि मग सोडवून दाखवली. इलियासने लूम न थांबवता कपाळाला हात लावून सलाम केला. बाहेर आल्यावर आजाने मला सांगितलं, त्याला कधीतरी नीट विचार, तुला सोडायचं तोंड कोणाचं आहे. आत्ताच विचारून ठेवावं. म्हातारपणी ते तोंड शोधत फिरावं लागत नाही. मी इलियासचं नाव आणि कारखान्याची गल्ली झेरॉक्सच्या मागे लिहून घेतली. ते काम अजून व्हायचं आहे, आणि ते माझ्याकडे आहे.

एसटीत तोच कंडक्टर. झाड कुठं ठेवलंत, त्याने विचारलं. आजा म्हणाला, ज्याचं त्याला दिलं. आणि खिडकीशी बसून, उंबर नसल्यामुळे रिकाम्या झालेल्या खांद्यावर मान टाकून, वज्रेश्वरीपर्यंत झोपला.

दांडा अंजूरलाच राहिला. पातं माझ्याकडे आहे.

माझा आजा बुधा आणि त्याची बायको जमनी मोकळे झाले. त्या घरी आता लग्न निघालं तर उंबर शेटाच्या घरच्यांनी स्वतः आणायचा आहे.